किंतु ज्याचा, ठसा त्याचा

स्वतःच्या मृत्यूचा दाखला मागायला स्वतः आलेला माणूस मी पाहिला आहे. एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली, त्यात एवढंच शिकलो की कागद खोटा असतो आणि तो आणणारा त्याहून खोटा. आमच्या सौ. साधनाबाई म्हणतात, "दुधात पानी असलं तं तुम्ही दूधवाल्यावर संशय घेता, अन् नसलं तं आज काहून नाई टाकलं म्हनून घेता." म्हणोत बापड्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मोहाडीत घर आहे, आणि दूध मी अजून रोज स्वतः तपासतो.

या गुणापायीच नागपूरच्या वैनगंगा बंधुमंडळानं मला बोलावलं. हे मंडळ म्हणजे आमच्या भागातून नागपूरला कॉलेजात शिकायला गेलेल्या पोरांची जुनी संघटना. १८८६ साली पाच विद्यार्थ्यांनी सीताबर्डीवर एक खोली भाड्यानं घेतली, एकत्र राहायचं, एका चुलीवर जेवायचं, एकमेकांना भाऊ म्हणायचं ठरवलं, त्यातून हे उभं राहिलं. आज मंडळाची दोन वसतिगृहं आहेत, एक मुलांचं, एक मुलींचं. सभासदांत डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, मोठमोठे साहेब आहेत. प्रत्येकाच्या कोटावर मंडळाची खूण असते: गोलात पाच पाकळ्यांचं कमळ, देठ उजवीकडे वळलेला. पाच पाकळ्या म्हणजे सत्य, सेवा, स्नेह, संयम आणि स्वाध्याय. इतके 'स' एका रांगेत उभे दिसले की माझ्या कपाळावर आठी पडते.

संस्थापक कृष्णराव. त्यांच्याबद्दल मंडळाला किती माहिती? दीड पान. त्यातलं एक पान त्यांच्या तेजस्वी डोळ्यांवर. हॉलमध्ये त्यांचं मोठं तैलचित्र आहे, ते १९६२ साली चित्रकारानं मनानं काढलं, आणि चेहरा तेव्हाच्या अध्यक्षांसारखा आहे. १८८८ नंतर कृष्णराव कुठे गेले, काय झालं, कोणाला ठाऊक नाही. जुन्या रजिस्टरात 'कृष्णराव, वस्ती मोहाडीकडील' एवढंच लिहिलेलं. आडनाव नाही, गाव नाही.

यंदा मंडळाला एकशे चाळीस वर्षं होतात. त्यानिमित्त दोन गोष्टी ठरल्या. कृष्णरावांचं नीट चरित्र छापायचं, आणि त्यांच्या वंशातल्या एका मुलाला किंवा मुलीला शिक्षण संपेपर्यंत वसतिगृहात जागा द्यायची. वर्तमानपत्रात खुणेच्या चित्रासकट जाहिरात दिली. दोन अर्ज आले. सेक्रेटरी इश्वरबापू मला म्हणाले, "मधुकरराव, तुम्ही कोणावरच विश्वास ठेवत नाही असं ऐकलं. तपास करा, चरित्रही तुम्हीच लिहा. दहा जूनला मीटिंग आहे. वंशज ठरला नाही तर जागा रद्द."

पहिला अर्ज तुमसरच्या चंद्रकुमारांचा. राइस मिलचे मालक, भला मोठा कारभार. मिलच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागे काचेची पेटी, पेटीत बल्ब, बल्बाखाली लाकडी ठसा. त्यावर मंडळाचं कमळ कोरलेलं.

"आमच्या पणजोबांची निशानी आहे जी," चंद्रकुमार म्हणाले. "यावरूनच मंडळाची खूण बनली. हात नका लावू, सोवळ्यात ठेवून राहिलो. फोटो घ्या पाहिजे तितके."

"फोटो नको. कोंडा आणवा एक परात."

मिलमध्ये कोंड्याला काय तोटा! परात आली. पण पेटीची किल्ली सापडेना. मी म्हणालो, थांबतो. दोन चहा झाले, एक फोन झाला, मग किल्ली त्यांच्याच खिशात निघाली. मी कोंड्यावर पाणी शिंपडलं आणि ठसा दाबला. देठ डावीकडे गेला.

ठशावर जे उजवं ते कागदावर डावं. रबरी शिक्क्यांनी एकतीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गृहस्थांनी जाहिरातीचं चित्र सुताराला दिलं आणि सुतारानं ते जसंच्या तसं कोरलं. दोघांनीही जन्मात कधी ठसा उमटवला नव्हता.

"त्या जमान्यात उलटंच छापत असतील," चंद्रकुमार म्हणाले. मी ठसा झटकून पेटीत ठेवला, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "पोराले जागा भेटली असती तं तुमचं का गेलं असतं मधुकररावजी?"

माझं काही गेलं नसतं हे खरं. पण मी छाती काढून घरी आलो.

"मंग दुसऱ्याचं खरं निघालं म्हना," साधना म्हणाली.

"एक खोटा निघाला म्हणून दुसरा खरा होत नाही. दोघंही खोटे असू शकतात."

दुसरा अर्ज भैय्यालाल नावाच्या शेतकऱ्याचा. मोहाडीपासून सात किलोमीटरवर तलावाच्या पाळीखाली त्यांचं गाव. जून लागला होता, उन्हाळी धानाची कापणी झाली होती, रस्त्यानं सगळीकडे तणसाचा वास. दारातच त्यांची मुलगी मेघा फाइल घेऊन उभी. बारावीला सत्याऐंशी टक्के. फाइल इतकी व्यवस्थित की मला लगेच संशय आला. खऱ्या माणसाचे कागद कधी सापडत नाहीत, सापडले तर उंदरानं खाल्लेले असतात. इथे प्रत्येक कागद प्लॅस्टिकमध्ये.

"नागपूरच कशाला पाहिजे?" मी विचारलं. "कॉलेज तर इकडेही आहे."

"मायक्रोबायोलॉजी इथं नाई, काका."

भैय्यालाल मान खाली घालून म्हणाले, "साहेब, एकटी पोरगी खोली करून ठेवाची माझी हिंमत नाई. मंडळात जागा भेटली तं जाईल. नाई तं तिच्या मामानं गोंदियाचं स्थळ आनूनच ठेवलं हाये. लोक चांगले हायेत." मेघानं फाइलचा बंद उगीचच सोडला आणि पुन्हा बांधला. स्थळ तिला नको होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी मात्र मनात लिहून घेतलं: गरज मोठी, म्हणजे खोटं बोलण्याचं कारणही मोठं.

घराण्याची माहिती सांगायला भैय्यालालच्या आत्या होत्या, आनंदाबाई. पंच्याऐंशीच्या. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, तेव्हापासून घर आणि खळं त्यांच्या हुकमात. त्या खळ्यावरच बसल्या होत्या, सुपानं धान पाखडत. मी आल्याचं त्यांनी पाहिलं, पण सूप थांबलं नाही.

"तुमचे आजोबा नागपूरला शिकले?"

"गेलते म्हनते. दोन वर्स राह्यले. माझा पनजा मेला, तलावाची पाळ फुटली, मंग वापस आले. मंग जलमभर धानच केलं."

"तिथं त्यांनी मंडळ काढलं, हे कधी सांगितलं नाही?"

"सांगासारखं का होतं जी? चार-पाच पोट्ट्यांनं मिळून भात शिजवला." त्यांनी सुपातला खडा वेचून फेकला. "जाहिरात या पोरीनं आनली पेपरातून. म्हने, आजी, हा तं आपला ठसा. मी म्हनलं, आपलाच हाये."

"कमळ?"

"कमळ कायचं? धानाची पेंडी हाये ते. अन् तो देठ नोहे, पेंडीच्या दोराचं टोक हाये."

सत्य, सेवा, स्नेह, संयम, स्वाध्याय! माझ्या मनात गुदगुल्या झाल्या, पण चेहरा मी सरकारीच ठेवला.

ठसा कशासाठी असतो हे मला माहीत होतं. पूर्वी सगळीकडे असे. धान चुरून, म्हणजे मळून, रास पडली की मोजणी होईपर्यंत ती खळ्यावर उघडी. मग ओल्या राखेचे गोळे राशीवर चहूबाजूंनी थापायचे आणि त्यावर घरचा ठसा उमटवायचा. कोणी मूठभर जरी धान काढलं तरी रास घसरते, छाप मोडतो, चोरी कळते. आता हार्वेस्टर येतं, पोती भरून थेट जातात, ठसे चुलीत गेले.

"मग दाखवा तो ठसा."

"नत्थूच्या घरी हाये," भैय्यालाल म्हणाले.

मी वहीतून डोकं वर काढलं. नत्थू म्हणजे शेजारी, यांच्याबरोबर अर्ध्या हिश्शानं शेती करणारा. "तुमच्या घराण्याची वस्तू दुसऱ्याच्या घरी कशी?"

"त्याच्याच घरी राह्यते," आनंदाबाई म्हणाल्या. "त्याच्या आज्याले आमच्यावर किंतु होता. म्हनून ठसा त्याच्याकडे."

"आता नाई जी किंतु," कुंपणापलीकडून नत्थू ओरडला. "पन ठेवाची सवय पडली." आणि तो ठसा घेऊन आला.

तळहाताएवढं सागवान, राखेनं काळंभोर झालेलं. दोराचं टोक लाकडावर डावीकडे, म्हणजे छापात उजवीकडे. बरोबर होतं. पण बरोबर असणं म्हणजे खरं असणं नव्हे. चंद्रकुमारांचा सुतार अडाणी होता, यांचा हुशार असेल. जाहिरात तर या पोरीनंही पाहिलीच होती. आणि शेजाऱ्याच्या घरातून येणारा वारसा मी आजवर ऐकला नव्हता.

"तुमचा विश्वास नाई बसला," आनंदाबाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"माझं कामच आहे ते."

"मंग घेऊन जा." त्यांनी नत्थूच्या हातातून ठसा घेऊन माझ्या हातात दिला. "किंतु ज्याचा, ठसा त्याचा. आमच्या घरची रीत हाये. पन ज्याच्याजवळ ठसा, त्यानं सांजच्याले येऊन राशीवर छाप माराचा. परवा आमचं चुरनं हाये."

चंद्रकुमार हात लावू देत नव्हते, आणि ही बाई पावतीसुद्धा न मागता वस्तू देऊन मोकळी. खरा वारसा कोणी असा देतं का? वहीत मी लिहिलं: 'ठसा शेजाऱ्याकडे का, या प्रश्नाला बगल. वस्तूविषयी आस्था नाही.'

घरी आल्यावर मी जे केलं ते आता लिहितो. लिहिणार नव्हतो.

मी दार लावून घेतलं, टेबलाच्या खणातून पेन्सिलीला टोक काढायचा चाकू काढला, आणि ठशाच्या कडेचा एक कपचा उडवला. नखाएवढा. आत लाकूड नवं दिसतं की जुनं, एवढंच बघायचं होतं. आत तांबूस सागवान होतं. जुनं सागवान आतून असंच दिसतं, आणि नवंही असंच. काहीच कळलं नाही. आणि काळ्या कडेवर ती तांबूस खोच आता अशी चमकत होती की कोणालाही दहा हातांवरून दिसावी. मी बुटाचं पॉलिश आणलं आणि बोटानं खोचेवर चोळलं. दोनदा चोळलं. मग लांबून पाहिलं, कुठे काही दिसत नव्हतं. लोकांची खाडाखोड पकडण्यात जन्म गेला, ती इतक्या सफाईनं मला स्वतःला करता येते हे त्या दिवशी कळलं. लाज वाटली नाही. हुशारी वाटली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मेघा स्कूटीवर आली. "काका, चुरनं झालं. रास पडली. आजीनं बलावलं छाप माराले. जेवूनच या म्हने."

जेवून! मी मनात म्हटलं, आलं बाहेर. आज जेवण, उद्या घरी पोतंभर तांदूळ. "तूच ने ना ठसा."

"नाई जमत. तुमचा किंतु गेला का?"

"नाही."

"मंग तुम्हालेच याव लागते."

मी काम आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा मी साधनाला सांगितलं, घरी नाही म्हण. साधना दारात जाऊन म्हणाली, "घरीच हायेत, पन नाई म्हनून सांगून राहिले." तिसऱ्या दिवशी मेघा आत आलीच नाही. फाटकातून म्हणाली, "बाबा तीन दिवस झाले खळ्यावरच बसून हायेत. नत्थूकाका म्हनतात तसंच मोजू, पन आजी हात लावू देत नाई. म्हने छाप नाई तं मोजनी नाई. आभाळ येऊन राह्यलं, काका." तिचे डोळे भरले होते. मी तेही तपासलं. खरेच भरले होते. तरी मी गेलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी मला नागपूरला जायचं होतं आणि वंशजांच्या पंगतीला बसलेला तपासनीस म्हणून कोणी बोट दाखवलेलं मला चाललं नसतं.

मंडळाच्या ऑफिसात सुरुवातीच्या वर्षांची कार्यवाहीची वही होती. लाल रेशमी फडक्यात, चांदीच्या तबकात. दर वर्धापनदिनी तिची पूजा होते. "वाचली का कोणी?" मी इश्वरबापूंना विचारलं. ते म्हणाले, "मोडीत आहे हो. आणि पवित्र आहे." एकशे चाळीस वर्षं हळदकुंकू वाहून वाहून पहिली पाच पानं एकमेकांना चिकटून पापड झाली होती. पूजा करणाऱ्या कोणालाच ती उघडावीशी वाटली नाही. मला मोडी येते, नोकरीतली कमाई तेवढीच. ओलं फडकं आणि बांबूची पातळ काडी घेऊन मी दुपारभर पानं सोडवत बसलो. इश्वरबापू समोर बसून होते, कारण मीच त्यांना उठू दिलं नाही. उद्या कोणी म्हणालं असतं की मी मधे काहीतरी घुसडलं.

पहिलं पान. पाच जणांनी आपापल्या घरून तांदूळ आणला आणि एका कोठीत ओतला. महिना झाला नाही तोच तांदूळ कमी भरू लागला. दुसरं पान. सर्वांचा वहीम कृष्णावर. कारण त्याचं पोतं सगळ्यांत लहान आणि भूक सगळ्यांत मोठी. भाऊसाहेब म्हणून एक जण होता, तो सर्वांसमक्ष त्याला चोर म्हणाला. कृष्णा भांडला नाही. गावी गेला, चार दिवसांनी परत आला, आणि घरचा राशीचा ठसा त्यानं भाऊसाहेबाच्या हातात ठेवला. म्हणाला, रोज जेवण झालं की तूच कोठीच्या झाकणावर छाप मार आणि तूच मोड.

तिसरं पान. भाऊसाहेब रोज छाप मारी, रोज छाप शाबूत असे, आणि तरी तांदूळ कमी होई. पंधराव्या दिवशी कोठीच्या बुडाशी घुशीचं बीळ सापडलं.

मी इथे मोठ्यानं हसलो. इश्वरबापू दचकले.

चौथ्या पानावर मंडळाची स्थापना. सत्य नाही, सेवा नाही, स्वाध्याय नाही. एकच नियम, आणि त्याखाली पाच सह्या: 'किंतु ज्याचा, ठसा त्याचा.'

मी हसायचा थांबलो. काडी बाजूला ठेवली. ते शब्द मी खळ्यावर ऐकले होते, सुपाच्या आवाजात, आणि वहीत लिहिलं होतं, प्रश्नाला बगल. लाकूड कोणालाही कोरता येतं. पण या पापड झालेल्या पानांतलं वाक्य कुठल्या सुताराला सापडणार होतं? ते एकाच वाटेनं तिथं पोचू शकत होतं. कृष्णराव ते घरी घेऊन गेले होते.

पाचवं पान १८८८ चं. बाप वारल्यामुळे कृष्णा कायमचा गावी निघाला. त्या दिवशी चौघांना विचारण्यात आलं, कोणाच्या मनात काही किंतु आहे काय. कोणीही हात वर केला नाही. सबब ठसा ज्याचा त्याला परत दिला. खाली शाईच्या ऐवजी राखेचा छाप, पुसट, पण कडा पूर्ण गोल. कुठेही खोच नाही.

त्या गोल कडेशी मी बोट नेलं. बोटाला पॉलिशचा वास अजून येतो आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, दहा जूनला, मीटिंगमध्ये मी पाचही पानं वाचून दाखवली. चंद्रकुमार आले होते. ते उठून म्हणाले, "यांना मोडी खरंच वाचता येते, याचा काय पुरावा?" माझ्यावर संशय घेणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि प्रश्न अगदी योग्य होता. मीच म्हणालो, दुसऱ्या जाणकाराला बोलवा. मोडी शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ जवळच राहत होते, ते आले, त्यांनी वाचलं, अक्षर न् अक्षर जुळलं. मेघाला जागा मिळाली. पाच पाकळ्यांचं काय करायचं यावर मग सभासदांत दीड तास वाद झाला, तो मी ऐकला नाही. दुपारची बस पकडली.

सरळ खळ्यावर गेलो. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. रास तशीच होती, ताडपत्री टाकून ठेवलेली, शेजारी भैय्यालाल बसलेले. मी जागा मिळाल्याचं सांगितलं. भैय्यालालनं माझे हात धरले, मेघा तर घरात पळाली आणि आतून तिचा रडण्याचा आवाज आला. आनंदाबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

"किंतु गेला?"

"गेला, बाई."

"मंग आना."

मी ठसा दिला. मेघानं राखेचे गोळे आणले, आनंदाबाईंनी स्वतः पहिला छाप मारला आणि ठसा उचलला. राखेत पेंडी उमटली, दोराचं टोक उमटलं. आणि उजव्या कडेला नखाएवढी खोच. पॉलिश लाकूड झाकतं, राखेला फसवत नाही. एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चंद्रकुमारांना मी याच गोष्टीवर हसलो होतो.

म्हातारीनं खोचेवरून बोट फिरवलं. मग बोट नाकाशी नेलं.

"चाकूनं?"

"हो."

"अन् वरून काळं फासलं."

मी मान हलवली. भैय्यालाल म्हणाले, "जाऊ दे ना आत्या, साहेबांमुळेच जागा भेटली." पण त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. नत्थू ठसा घ्यायला सवयीनं पुढे झाला होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

"आता हा माझ्याजवळ राहीन," त्या म्हणाल्या. "आता किंतु माझ्या मनात हाये. तुमच्यावर."

ठसा त्यांनी लुगड्याच्या ओच्यात बांधला. त्या घरात तीन पिढ्या ठसा दुसऱ्याच्या घरी राहिला, तो माझ्यामुळे घरच्याच पदरी आला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं उभ्या जन्मात झालं नव्हतं. माझ्यावर कोणी संशय घेऊच शकत नाही, या एका गोष्टीवर मी कधी संशय घेतला नव्हता.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमची रास कोनती?"

"माझी? मी शेती करत नाही, बाई."

"माझ्या आज्यावर लिवून राह्यले ना तुम्ही? मंग तेच. झालं की आना. छाप पडला तं छापा, नाई तं नाई."

जुलैत चरित्राची पहिली प्रत घेऊन गेलो. मेघा त्याच आठवड्यात नागपूरला निघायची होती, तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. कोठी, भाऊसाहेब, घूस, सगळं. घुशीपाशी आनंदाबाई इतक्या हसल्या की खोकला लागला. वाचून संपलं तेव्हा मी राख भिजवूनच ठेवली होती. त्यांनी ओच्याची गाठ सोडली नाही.

"चाकूचं नाई आलं?"

"ते कृष्णरावांच्या चरित्रात कसं येणार? ते १८८८ ला..."

"ठसा त्याचाच ना?"

मी कागद गोळा करून घरी आलो. साधनानं विचारलं, "पडला छाप?" मी नाही म्हणालो, आणि टेबलाशी बसलो. त्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं, दुधापासून, आणि चाकूपाशी आल्यावर थांबलो नाही.

काल पुन्हा गेलो. मेघा नव्हती, म्हणून मीच वाचून दाखवलं. पॉलिशपाशी मी आवाज खाली घेतला, आनंदाबाई म्हणाल्या, "जोरानं." मी जोरानं वाचलं. मग त्यांनी गाठ सोडली.

छाप या शेवटच्या पानाच्या तळाशी आहे. उजव्या कडेला एक खोच दिसेल. प्रेसवाल्यांनी ती दुरुस्त करू नये.